मुकी फांदी

आमच्या बियाणे केंद्रात चार नंबरची जाळी होती. जाळी म्हणजे लोखंडी सांगाड्यावर ताणलेलं दुहेरी नायलॉनचं घर. वीस पावलं लांब, आठ पावलं रुंद, आत कुंड्यांच्या सहा रांगा. दारं दोन, एकामागे एक. दोन्हींच्या मध्ये एक माणूस उभा राहील एवढीच जागा. बाहेरचं दार लागल्याशिवाय आतलं उघडायचं नाही. मधल्या जागेत कपडे ब्रशने झाडायचे, बाह्या मनगटाशी बांधायच्या. हा सगळा खटाटोप मधमाशी आत येऊ नये म्हणून.

त्या जाळीत एका बाईने सत्तावीस वर्षं काम केलं. तिला सगळे चिमटेबाई म्हणत. मी तिथे कुंड्या वाहायचो, माती वाफवायचो, पाणी घालायचो. ओली कुंडी चौदा किलोची. ते काम जड होतं, पण कुणालाही जमेल असं होतं. तिचं काम वजनाला काहीच नव्हतं आणि दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं. तिचा सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

कोबीचा गड्डा सगळ्यांनी पाहिलेला असतो. फूल फार थोड्यांनी. गड्डा न कापता थंडीतून जाऊ दिला तर तो मधोमध फाटतो, आतून कमरेएवढा दांडा वर येतो आणि त्यावर चार पाकळ्यांची पिवळी फुलं लागतात. प्रत्येक फुलात नर आणि मादी दोन्ही. म्हणजे घरचं घरी भागायला हवं. पण भागत नाही. आपलाच पराग आपल्यावर पडला तर हे फूल तो ओळखतं आणि नाकारतं. त्याला परक्या झाडाचा पराग लागतो, आणि तो आणायला मधमाशी लागते.

केंद्राला हा नकार सोयीचा होता. दोन वेगळ्या जाती शेतात शेजारी लावल्या, दोन्ही स्वतःला नाकारणाऱ्या असल्या, की जे बी धरेल ते सगळं मिश्र. तेच बी पुढे विकायचं. प्रश्न मूळ जातींचा होता. जी जात स्वतःचं बी धरत नाही, ती पुढच्या वर्षासाठी राखायची कशी?

तर फुलाला फसवायचं. उमलायच्या तीन दिवस आधी कळीला नकार द्यायची अक्कल आलेली नसते. तेव्हा ती चिमट्याने फोडायची, आतलं काही न दुखवता, आणि त्याच झाडाच्या उमललेल्या फुलातला पराग तिच्या टोकाला लावायचा. कळी तांदळाच्या दाण्याएवढी. त्याहून लहान घेतली तर मोडते. मोठी घेतली तर ती शहाणी झालेली असते, शेंग रिकामी जाते. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना चिमटा स्पिरिटमध्ये बुडवायचा आणि दहा आकडे थांबायचं, कारण ओलं स्पिरिट लागलं की पराग मरतो. चिमटेबाईचा वेग तासाला ऐंशी कळ्या. दिवसाला साडेपाचशे. फुलोरा सहा आठवडे चालायचा.

त्या सहा आठवड्यांत रजा नसे. कळी आज फोडायची ती उद्या शहाणी होते. तिचे वडील गेले ते फुलोऱ्याच्या चौथ्या आठवड्यात. सकाळी गेली, दुसऱ्या सकाळी परत हजर.

मी म्हटलं, "बाई, चार दिवस थांबायचं होतं."

"पाचशे कळ्या उमलून गेल्या, दादा," ती म्हणाली, आणि बाह्या बांधायला लागली.

इतकी वर्षं मान खाली. शेवटी ती मान तशीच राहिली. कुणाशी बोलताना ती आधी समोरच्याच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाकडे बघायची, मग कष्टाने वर. आकाश ती दुहेरी जाळीतून बघायची, म्हणजे बघायचीच नाही.

तिचा नवरा लवकर गेला होता. मूल नव्हतं. होती एक मोठी बहीण, दुसऱ्या गावी, तीही एकटी. तिला ती अक्का म्हणायची. अक्काच्या घरात स्वयंपाकघर सोडून दोन खोल्या. त्यातली पुढची, रस्त्याकडे खिडकी असलेली, अक्काने बहिणीसाठी मोकळी ठेवली होती. चिमटेबाईची पेन्शनपुरती नोकरी वीस वर्षांत भरली होती. त्यावर सहा वर्षं झाली होती. तिला फक्त तिथे जायचं होतं. एवढीच तिची मागणी. बदली नको, बढती नको, जाऊ द्या.

जेवणाच्या सुट्टीत ती नळाजवळ बसून फोन लावायची. हात पिवळे असत, म्हणून फोन पायरीवर ठेवून, स्पीकर लावून. सगळ्यांना ऐकू यायचं.

"कधी येतेस?"

"हात मिळाला की येते, अक्का."

"अगं, लोक नवरा मिळायची वाट बघतात. तू हात मिळायची बघतेस."

"नियम आहे."

"खाट टाकून ठेवलीय खिडकीखाली. तिच्यावर शेजारचं मांजर झोपतं. काल मी खोलीत गेले तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच भाडं थकवलंय."

हाताचा नियम आमच्याच केंद्रातला. जाळीतल्या माणसाला सुटायचं असेल तर त्याने आपल्या जागी हात द्यायचा. म्हणजे माणूस तयार करायचा. त्या माणसाने शंभर कळ्या फोडायच्या, पंधरवड्याने शेंगा मोजायच्या, सत्तर भरल्या पाहिजेत. सत्तर भरल्या की जुना माणूस मोकळा. कागदावर हा नियम कुठे होता मला माहीत नाही. पण केंद्राच्या साहेबांनी तिच्या अकरा अर्जांवर एकच शेरा मारला होता, हात द्या आणि जा.

तिने तीन जणांना शिकवलं. पहिल्याची मान आठवड्यात धरली, तो गेला. दुसरीला फुलांची शिंक यायची. तिसरा प्रयोगशाळेतला, शिकलेला, पुस्तकातून सगळं पाठ असलेला. त्याच्या शंभरात बावीस भरल्या. बाई म्हणाली, "एवढ्या तर मी डोळे मिटून भरते." तो पुन्हा जाळीकडे फिरकला नाही. मी तिला बोललो होतो, जरा गोड बोलावं. ती म्हणाली, "कळीशी गोड बोलून शेंग येत नाही."

चौथी आली ती पॅकिंगमधून. पस्तिशीची, नऊ वर्षं हंगामी. मिनिटाला अकरा पाकिटं चिकटवायची, बोलता बोलता. हात चांगला होता यात शंका नाही. जाळीत जमलं तर ती कायम होणार होती. म्हणजे या कामात दोघींचा जीव अडकलेला. एकीला बाहेर पडायचं होतं, एकीला आत यायचं होतं.

ती बाईला मावशी म्हणायची.

"ही घे," बाई कळी दाखवायची.

"मावशी, ही तर दिसतसुद्धा नाही."

"दिसते ती मोठी झाली. मोठी शहाणी असते."

"मग शहाणीला समजावून सांगू की."

"चिमटा बुडवलास. मोज."

"एक, दोन, तीन... पाचात वाळतो हो."

"तुझा धीर वाळतो. स्पिरिट वाळत नाही."

पॅकिंगवाली हसायची. आणि खरं सांगायचं तर बाईही हसायची, मान खाली घालून, कुंडीत.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. प्रत्येक झाडाची एक फांदी फुलोऱ्याआधीच कागदी पिशवीत बांधून ठेवत. तिला हात लावायचा नाही. तिला आम्ही मुकी फांदी म्हणायचो. हंगाम संपला की पिशवी उघडायची. शेंगा रिकाम्या असल्या तर झाड खरं. भरल्या असल्या तर त्या झाडाचा नकार गेलेला. ते आपलं बी आपणच धरतंय. असं झाड मुळासकट उपटायचं आणि त्याचं सगळं बी जाळायचं. कारण तसं झाड पुढे संकराच्या शेतात गेलं की मिश्र बियांत साधं बी मिसळणार. तोवरच्या सव्वीस वर्षांत मुकी फांदी दोनदा भरली होती.

परीक्षेसाठी साहेबांनी झाड ठरवलं, तिसऱ्या रांगेतली सातवी कुंडी. तीन दिवसांत शंभर कळ्या, प्रत्येकीला लाल दोरा. बाईने त्या रांगेत जायचं नाही असं ठरलं होतं. ती पाचव्या रांगेत आपलं काम करत होती. तिसऱ्या दुपारी पॅकिंगवाली थकली. मी बघितलं, बाईनेही बघितलं. ती सोप्या, फुगलेल्या कळ्या घ्यायला लागली. बाईचा चिमटा थांबला.  परीक्षेत बोलायचं नसतं.

पंधराव्या दिवशी साहेबांनी स्वतः मोजल्या. एक्याण्णव.

पॅकिंगवालीने तिथल्या तिथे माझ्या हातातली झारी घेतली आणि चार कुंड्यांना पाणी घातलं. आनंदात माणूस काय करेल सांगता येत नाही. साहेब म्हणाले, "बाई, सुटलात." चौथ्या दिवशी पत्र आलं. महिनाअखेरीला कार्यमुक्त. तिकडे अक्काने खोलीला चुना लावून घेतला. फोनवर म्हणाली, "मांजराला नोटीस दिली आहे."

बाई खूश दिसायला हवी होती. दोन दिवस होती. तिसऱ्या दिवशी मी पाणी घालत असताना म्हणाली, "दादा, माझ्या अठ्ठ्याऐंशीच्या वर कधी गेल्या नाहीत."

"चांगली शिकवलीत तिला."

"तिने पंचवीस तरी मोठ्या घेतल्या. मोठ्या दहातल्या नऊ रिकाम्या जातात. मग एक्याण्णव कुठून आल्या?"

मी पुढच्या कुंडीकडे गेलो. मला हिशेब कळला होता. मला तो नको होता.

ती तिसऱ्या रांगेत गेली. सातव्या कुंडीपाशी बसली. हंगाम संपायला अजून महिना होता, आणि मुक्या फांदीची पिशवी त्याआधी उघडायची नसते. तिने सुतळी सोडली आणि पिशवी वर सरकवली. आत तीसेक शेंगा. हिरव्या, जाड, आतल्या दाण्यांनी गाठी गाठी झालेल्या. कुणी हात न लावता.

"बघितलंत?"

"नाही."

"तुमच्यासमोर आहे, दादा."

"मी पाणी घालतोय."

 मग मी झारी खाली ठेवली. "बाई, पिशवी परत बांधा. महिनाअखेरीला तुम्ही इथे नसाल. ती उघडेल तेव्हा बघेल काय करायचं ते."

"ती काय करणार? तिचे शंभर दोरे याच झाडावर आहेत. हे उपटलं तर ती स्वतःची नोकरी उपटते."

"मग नाही उपटणार. तुम्हाला काय?"

तिने पिशवी परत बांधली. सुतळीची गाठ पहिल्यासारखीच घातली, तिढा डावीकडे. मला वाटलं, झालं.

पुढचे तीन दिवस तिच्या कळ्या तासाला साठवर आल्या. मी मोजत होतो. अक्काचा फोन आला तर ती नुसती हो हो म्हणायची. अक्का विचारत होती, पडदा निळा घेऊ की पांढरा. ती म्हणाली, "कोणताही." अक्का म्हणाली, "‘कोणताही’ रंगाचा पडदा नाही मिळत गं, दुकानदार हाकलून देईल."

चौथ्या दिवशी साहेब फेरीवर आले. साहेब माणूस बरा होता. त्यांना विचारलेलं आवडायचं. बाईने मान वर न करता विचारलं, "साहेब, एकटं बी धरणारं झाड वाईट का?"

"वाईट कोण म्हणतं? आपल्याला नको, एवढंच. रानात त्याचीच चलती." साहेब कठड्याला टेकले. "असं बघा. ज्या झाडाला जोडीदार लागतो त्याचं बी वाऱ्याने, पाण्याने, कुणाच्या चपलेला चिकटून लांब गेलं, रुजलं, फुललं, तरी पुढे काय? आसपास दुसरं झाड नाही, ओळखीची माशी नाही. तिथेच संपलं. पण एकट्याने भागवणारं झाड असेल तर एका बियेतून अख्खा पट्टा उभा राहतो. म्हणून रस्त्याकडेला, पडक्या जागी, कुठून कुठून आलेल्या तणांत असली पुष्कळ सापडतात. ती कुणासाठी थांबत नाहीत."

"मग बाकीच्यांनी नकार ठेवला कशाला? फुकट अडून बसायचं?"

"फुकट नाही. स्वतःशीच लग्न लावलं की घरातलं दुबळेपण घरातच साठतं. पिढ्यान्‌पिढ्या सगळी एकसारखी. एक रोग आला की सगळी एकदम आडवी. लांब जातात, पण फार काळ टिकत नाहीत, असं आम्ही मानतो. नकार देणाऱ्याला थांबावं लागतं, पण त्याच्या पोरांत विविधता राहते. ज्याचं त्याचं सोयीचं."

"आणि जाळीत?"

"जाळीत?" साहेब हसले. "जाळीत माशी नाही, वारा नाही. इथे तर एकट्याचंच राज्य. आपण फोडलेल्या कळ्यांतल्या काही फुकट जातात. त्याच्या कुठल्याच जात नाहीत. म्हणजे दर पिढीला डब्यात त्याचं बी जास्त. लक्ष ठेवलं नाही तर पाच-सहा पिढ्यांत अख्खी जात एकट्याची होऊन बसेल. हात जितका वाईट तितकं ते लवकर. म्हणून तर मुकी फांदी ठेवतो."

"तिसऱ्या रांगेतली सातवी," बाई म्हणाली.

साहेबांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग तिसऱ्या रांगेकडे. सातव्या कुंडीपाशी गेले. पिशवी उघडली.  परत आले तेव्हा आवाज खाली होता.

"बाई, पत्रावर सही झालेली आहे. फुलोरा संपत आलाय. परत परीक्षा घ्यायची म्हणजे पुढच्या वर्षी. हे झाड मी उपटायला सांगतो. बाकी कागद आहे तसा राहू दे. तुम्ही जा."

"मग हात कुठाय?"

"बघून घेऊ आम्ही."

"कोण बघणार? पुढच्या फुलोऱ्यात ती मोठ्या कळ्या फोडणार. शेंगा रिकाम्या जाणार. ज्या झाडांना हाताची गरज नाही तीच भरणार. आकडा चांगला दिसेल. तुम्ही खूश व्हाल. चार वर्षांत जात गेली."

"गेली तर केंद्राची जाईल. तुमची थोडीच आहे?"

 बाईने हातातली कळी पूर्ण केली, दोरा बांधला आणि ती उठली. दुसऱ्या दिवशी तिने ते पत्र साहेबांच्या टेबलावर ठेवलं. घडी केलेलं, वर काही न लिहिता.

मला राग आला. आजही येतो. केंद्रात ढिगाने चुका होत. कुणी कुणासाठी वर्ष सोडत नसे. दार कुणी लावलेलं नव्हतं, तिने ते आतून लावून घेतलं. पण हेही सांगतो. मी चाळीस वर्षं कुंड्या वाहिल्या आणि एकाही कुंडीविषयी मला तसं वाटलं नाही.

पॅकिंगवालीला कळलं ते दुपारी. बाई जेवून जाळीत यायला निघाली होती. ती मधल्या जागेत शिरली आणि मागून पॅकिंगवाली शिरली. एका माणसाची जागा, दोघी नाकाला नाक. बाहेरचं दार उघडं, म्हणून आतलं उघडता येईना. मी आत होतो. सगळं ऐकलं.

"बघवलं नाही ना, मावशी? एक्याण्णव!"

"दार लाव आधी."

"नाही लावत. येऊ देत माश्या."

"माशी आली तर तुझी परीक्षा पुढच्या वर्षीही नाही."

दार आपटलं. सांगाडा वरपर्यंत हलला.

"नऊ वर्षं! नऊ वर्षं हंगामी आहे मी. दर हंगामाला ये म्हणतात, दर हंगामाला जा म्हणतात. घरी सांगून बसले होते."

"तुझ्या कळ्या मोठ्या होत्या."

"शेंगा आल्या ना पण!"

"झाडाने आणल्या."

"मग झाडालाच कायम करा!"

मला हसू आलं. आत कुणी बघणारं नव्हतं म्हणून हसलो.  मधल्या जागेत दोघींना हलायलाही जागा नव्हती, एकीला निघायचं तर दुसरीने आधी निघायला हवं.

"मी पण कुठे जात नाहीये," बाई शेवटी म्हणाली. "पुढच्या वर्षापर्यंत रोज दोन तास बसू. माझं तोंड बघू नकोस हवं तर. दहा आकडे मात्र मोज."

अक्काला तिने त्याच दिवशी फोन केला. "अक्का, अजून एक वर्ष."

मी टोमण्याची वाट बघत होतो. आम्ही सगळेच नळाजवळ वाट बघत होतो. पलीकडून एवढंच आलं, "बरं." आणि फोन बंद. ते "बरं" मला एक्याण्णवपेक्षा वाईट वाटलं.

ते वर्ष कसं गेलं ते मी जवळून बघितलं. फुलोरा नसताना सरावासाठी मी मोहरीच्या वीस कुंड्या लावून दिल्या. मोहरीची कळी आणखी बारीक, त्यामुळे हात बसायला चांगली. रोज चार ते सहा दोघी समोरासमोर बसायच्या. पॅकिंगवालीने पाच महिने कामाशिवाय शब्द काढला नाही. मावशी म्हणायचं तिने टाकून दिलं. आता नुसतं ‘बाई’ म्हणायची, तेही गरज पडली तर. एकदा तिने मुद्दाम मोठ्याने आकडे मोजले, एक ते दहा, प्रत्येक आकडा दगड टाकल्यासारखा. बाई म्हणाली, "असंच. पण मनात." त्यावर पॅकिंगवालीने तोंड फिरवलं. खांदे हलत होते. राग होता की हसू, पाठमोरं कळलं नाही.

आणि एक गोष्ट बाई कुणाला सांगत नव्हती. तिचे डोळे उतरत होते. पुढचा फुलोरा आला तेव्हा ती कळी आधी बोटाने चाचपून बघायची, मग चिमटा लावायची. तासाला पंचावन्न. उरलेल्या पंचवीस पॅकिंगवाली भरून काढायची, न सांगता, स्वतःची रांग संपवून. साहेबांना आकड्यात फरक दिसला नाही. मलाही वाटत होतं, हा हात यंदा तयार झाला नाही तर पुढच्या वर्षी शिकवायला डोळे उरणार नाहीत, आणि मग ही बाई याच जाळीत निरुपयोगी होऊन बसून राहील.

या वेळी बाईने दोन झाडं मागितली, पन्नास पन्नास कळ्या. मोजणीच्या दिवशी दोन्ही मुक्या फांद्या आधी उघडायच्या, मग शेंगा. मोजायला मला बसवलं, कारण दोघींचा एकमेकींवर विश्वास नव्हता आणि माझा कुणाशी संबंध नव्हता. पहिली मुकी फांदी रिकामी. दुसरी रिकामी. शेंगा मी प्रत्येक चिमटीत धरून दाबल्या. पोकळ शेंग दाबली जाते, भरलेली बोटाला अडते. पहिल्या झाडावर छत्तीस. दुसऱ्यावरच्या मी दोनदा मोजल्या. अडतीस.

"चौऱ्याहत्तर," मी म्हणालो.

पॅकिंगवाली म्हणाली, "मागच्या वर्षीचे एक्याण्णव बरे होते."

बाई म्हणाली, "चौऱ्याहत्तर तुझे आहेत." आणि चिमट्याची पेटी तिच्याकडे सरकवली.

पुन्हा पत्र आलं. या वेळी तिने ते ठेवून घेतलं. एका ट्रंकेत तिचं सगळं सामान मावलं. ती मी स्टँडवर नेऊन दिली. बावीस किलो भरली असेल.

नंतरच्या वर्षी मीही निवृत्त झालो आणि एकदा त्या गावी गेलो. घर सापडलं. पुढच्या खोलीच्या खिडकीला निळा पडदा होता. खिडकीत एक मध्यमवयाची शिक्षिका वह्या तपासत बसली होती. तिने मला मागच्या दाराने जायला सांगितलं.

बाई केंद्रात ते जादा वर्ष काढत होती, त्या थंडीत अक्काने ती खोली भाड्याने दिली होती. न्हाणीघरात पाय घसरून ती पडली आणि दीड तास हाक मारत राहिली. त्यानंतर तिने ठरवलं की घरात माणूस हवं, आणि जे माणूस आलं त्याला ठेवून घेतलं. शिक्षिका सज्जन. अक्काला उठवते, औषध देते. तिला जा कसं म्हणणार? मधल्या खोलीत अक्का, तिची खुर्ची आणि पलंग. चिमटेबाई स्वयंपाकघरात राहत होती. चार पावलं बाय तीन. ओटा, मोरी, डब्यांची फळी, आणि उरलेल्या जमिनीवर अंथरूण. झरोका होता, त्याला माश्या येऊ नयेत म्हणून कुणीतरी जाळी ठोकलेली.

"बसा दादा, अंथरुणावरच बसा," ती म्हणाली. माझ्या दुसऱ्या बटणाकडे बघून, मग वर. डोळ्यांवर जाड चष्मा.

मधल्या खोलीतून अक्काचा आवाज आला, "कोण आलंय?"

"केंद्रातले दादा."

"त्यांना म्हणावं, आणखी एक वर्ष ठेवून घ्यायचं होतं की हिला. अजून न्हाणीघर रिकामं आहे, तेही भाड्याने देता आलं असतं."

बाईने माझ्याकडे बघून ओठ दाबले. चहा ठेवला. किती साखर हे तिच्या लक्षात होतं. रात्री पाय पसरले की डब्यांना लागतात आणि अक्का जागी होते, म्हणून कुशीवर झोपते, म्हणाली. तक्रार म्हणून नाही, सांगायचं म्हणून.

"यंदा किती धरलं?" तिने विचारलं.

"शंभराला एक्काहत्तर. मी निघालो तेव्हा मोजणी झाली होती."

"मुक्या फांद्या?"

"सगळ्या रिकाम्या."

तिने मान हलवली.  मी कप मोरीत ठेवला आणि उठलो. पण दार आत उघडणारं होतं आणि अंथरूण त्याच्या आड येत होतं. तिने मला ओट्याला टेकून उभं राहायला सांगितलं, गुडघ्यांवर बसून अंथरूण गुंडाळलं, छातीशी धरलं आणि दार ओढलं. मी बाहेर पडलो. चप्पल घालेपर्यंत तिने दार लावून घेतलं होतं, आणि आत अंथरूण परत पसरल्याचा आवाज आला.